लिनक्स कर्नेलमधील पॅचचे परीक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला, जो हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये असतो) पहिला पॅच, म्हणजे कोडमधील बदलांचा मजकूर, पाठवू इच्छिणाऱ्या आणि इतरांचे पॅच वाचायला सुरुवात करू इच्छिणाऱ्या मराठी प्रोग्रामरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मुख्य उदाहरण लिनक्स कर्नेलचे घेतले आहे, कारण तेथील परीक्षण उघडपणे चालते आणि अनेक वर्षांपूर्वीची चर्चाही आज कोणालाही वाचता येते. इतर मुक्त प्रकल्पांची साधने वेगळी असली, तरी बदल वाचण्याचे काम सगळीकडे सारखेच असते.

परीक्षण म्हणजे नेमके काय? चाचणी घेतल्यावर त्याची गरज काय उरते?

एकाने केलेला बदल मुख्य कोडमध्ये जाण्यापूर्वी दुसऱ्याने ओळीन्‌ओळ वाचणे आणि त्याबद्दलचे आपले मत सर्वांसमोर नोंदवणे, याला परीक्षण म्हणावे. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच रिव्ह्यू म्हणतो. चाचणीतून एवढेच सिद्ध होते की ज्या परिस्थितीत कोड चालवून पाहिला, त्या परिस्थितीत तो चालला. कर्नेलमध्ये मात्र असे कितीतरी रस्ते आहेत जे चाचणीत क्वचितच उघडतात: ऐन वेळी मेमरी संपलेली असते, वापरात असलेले उपकरण कोणीतरी उपसून काढलेले असते, किंवा दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच यादीत हात घालत असतात. अशा रस्त्यांवर काय घडेल हे कळण्यासाठी कोणीतरी तो कोड शांतपणे वाचावाच लागतो.

हे परीक्षण करते कोण? सगळे पॅच लिनस टोरवाल्ड्स स्वतः वाचतात का?

वाचत नाहीत, आणि ते शक्यही नाही. त्यांनी १९९१ मध्ये एकट्याने सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या प्रत्येक प्रकाशनात अलीकडच्या वर्षांत दहा हजारांहून अधिक कमिट (कोडच्या इतिहासात नोंदवलेले बदल) असतात, आणि दोन प्रकाशनांमध्ये साधारण नऊ ते दहा आठवड्यांचे अंतर असते. कर्नेलची विभागणी उपप्रणालींमध्ये केलेली आहे. नेटवर्किंग, फाइलसिस्टिम, मेमरी व्यवस्थापन आणि ड्रायव्हरांचे निरनिराळे गट या प्रत्येकाचे मेंटेनर (तो भाग सांभाळणारे) ठरलेले असतात. पॅच प्रथम त्यांच्याकडे जातो, त्यांच्या शाखेत (कोडच्या स्वतंत्र प्रतीत) स्थिरावतो आणि तेथून इतर बदलांसोबत वर सरकतो. वरचा माणूस प्रत्येक ओळ वाचत नाही. खालच्याने ती वाचली आहे यावर तो विश्वास ठेवतो. म्हणून सगळा भार अगदी पहिल्या वाचनावर येतो, आणि ते वाचन पगारी परीक्षक नावाच्या कोण्या वेगळ्या वर्गाकडे सोपवलेले नाही. जे स्वतः कोड लिहितात तेच दुसऱ्याचा कोड वाचतात. लिहिणारे पुष्कळ आहेत, लक्ष देऊन वाचणारे मोजके आहेत, आणि तुमचा पॅच किती दिवस पडून राहील हे या मोजक्या माणसांच्या वेळेवर ठरते. पुढची बहुतेक उत्तरे या एका वस्तुस्थितीतून निघालेली आहेत.

पॅच कोणाला पाठवायचा हे कसे कळते?

कर्नेलच्या कोडमध्ये सर्वांत वरच्या फोल्डरातच मेंटेनर्स नावाची फाइल आहे. कोणत्या फाइलींची जबाबदारी कोणाकडे आहे आणि चर्चा कोणत्या ईमेल पत्त्यावर (मेलिंग लिस्टवर) होते, हे तीत नोंदलेले असते. ती हाताने चाळण्याची गरज नाही. गेट-मेंटेनर नावाच्या स्क्रिप्टला पॅच दिला की ती नावे काढून देते. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमध्येच पाठवावा, जोडपत्र म्हणून पाठवू नये, कारण परीक्षकाला तुमच्या ओळींच्या मध्येच आपले उत्तर लिहायचे असते. अनेक ईमेल प्रोग्राम टॅबच्या जागी स्पेस घालतात किंवा लांब ओळी मोडतात आणि पॅच लागेनासा होतो. म्हणून कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट या साधनाचीच सेंड-ईमेल ही सोय वापरावी, आणि पहिल्यांदा तो पॅच स्वतःलाच पाठवून, आलेल्या ईमेलमधून लावून पाहावा.

एका पॅचमध्ये किती बदल असावेत?

एका पॅचमध्ये एकच गोष्ट असावी. नियम ऐकायला सोपा वाटतो, पण नवखा माणूस सर्वाधिक येथेच अडखळतो. माझ्या सुरुवातीच्या एका पॅचमध्ये मी एका अटीची दुरुस्ती केली होती आणि फाइल उघडलीच आहे म्हणून त्याच फाइलमधील मोकळ्या जागाही नीट करून टाकल्या होत्या. परीक्षकाला साठ-सत्तर ओळी बदललेल्या दिसल्या, आणि त्यांतली खरी दुरुस्ती एका ओळीची होती. त्यांनी ती शोधून काढली, तिच्यातली चूकही दाखवली आणि पॅचचे दोन भाग करून पाठवायला सांगितले. त्यांची ती संध्याकाळ मी वाया घालवली होती, ही जाणीव मला आजही पॅच पाठवण्यापूर्वी थांबवते.

बदल मोठाच असेल तर त्याची मालिका करावी, आणि तिच्यातील प्रत्येक पॅच लावल्यानंतर कर्नेल बांधता आणि चालवता आला पाहिजे. यामागे केवळ शिस्तीचा हट्ट नाही. पुढे कधी बिघाड आढळला तर गिटच्या बायसेक्टने कमिटांचे अर्धे-अर्धे भाग करत दोषी कमिट शोधतात. वाटेत एक जरी कमिट न बांधता येणारा निघाला, तर शोध घेणारा माणूस तेथेच अडकून पडतो.

पॅचच्या वर्णनात काय लिहावे?

तुम्ही काय बदलले हे डिफमध्ये, म्हणजे जुन्या आणि नव्या ओळींच्या तुलनेत, दिसतेच. ते का बदलले, आधी काय बिघडत होते, वापरणाऱ्याला ते कसे जाणवत होते आणि हाच उपाय का निवडला, हे मात्र फक्त तुम्हालाच ठाऊक असते आणि ते तुम्हीच लिहायला हवे. ‘ड्रायव्हरमधील चूक दुरुस्त केली’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. ‘उपकरण जोडताना त्याचे घड्याळ (क्लॉक) सुरू झाले नाही, तर आधी घेतलेली मेमरी परत केली जात नाही, म्हणून अपयशाच्या वाटेवर ती परत करण्याची ओळ जोडली आहे’ असे लिहिले, की परीक्षक काय पडताळायचे ते मनात धरूनच डिफ उघडतो. ओळी पंच्याहत्तर अक्षरांच्या आसपास मोडाव्यात. वर्णन हा कमिटचा कायमचा भाग असतो, आणि दहा वर्षांनी ती ओळ कोणी पुन्हा बदलायला घेतली तर त्या माणसाकडे तुमचा तेवढाच शब्द असेल.

परीक्षक पॅच कसा वाचतो? मी दुसऱ्याचा पॅच वाचायला घेतला तर कोठून सुरुवात करू?

वर्णनापासून करा. वर्णन वाचून मनात प्रश्न ठरवा: हा दोष खरोखर आहे का, आणि तो असेल तर दुरुस्ती याच जागी व्हायला हवी का? पुष्कळदा ओळी निर्दोष असतात, पण त्या चुकीच्या जागी असतात. दुखणे एका फंक्शनमध्ये आणि मलमपट्टी त्याला बोलावणाऱ्या दुसऱ्याच फंक्शनमध्ये, असा प्रकार नेहमी दिसतो.

त्यानंतर डिफ बाजूला ठेवून पूर्ण फाइल उघडा. डिफ बदलाच्या वर-खाली साधारण तीनच ओळी दाखवतो, आणि चुका बहुधा त्या तीन ओळींच्या पलीकडे असतात. वरचेच उदाहरण जवळून पाहू. ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर ते कामाला तयार करणाऱ्या भागात, प्रथम मेमरी घेतली जाते, मग इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) नोंदवला जातो, मग घड्याळ सुरू केले जाते. फंक्शनच्या तळाशी अपयशासाठी लेबले लावलेली असतात, आणि त्यांची रचना उतरंडीसारखी असते: सर्वांत शेवटी ठेवलेले मडके सर्वांत आधी उतरवायचे. घड्याळ सुरू झाले नाही तर इंटरप्टच्या लेबलावर उडी मारायची, म्हणजे आधी इंटरप्ट सुटेल आणि मग मेमरी. आता समजा, एखाद्या पॅचने मध्येच एक नवी तपासणी घातली आणि ती चुकल्यास थेट रिटर्न केले. डिफमधल्या त्या दोन ओळी अगदी नेटक्या दिसतील. पण वीस ओळी वर घेतलेली मेमरी तशीच राहील, आणि इंटरप्ट अशा उपकरणासाठी नोंदलेला राहील जे ड्रायव्हरच्या लेखी अस्तित्वातच नाही. तळाची उतरंड डोळ्यांसमोर असल्याशिवाय ही चूक दिसत नाही.

लॉक (एका वेळी एकालाच आत येऊ देणारे कुलूप) घेतला असेल तर तो प्रत्येक वाटेवर सुटतो का, लॉक धरलेला असताना झोपी जाऊ शकणारे एखादे फंक्शन बोलावले जाते का, बाहेरून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवला आहे का, आणि जे मोकळे केले त्याला नंतर कोणी हात लावतो का, हे चार प्रश्न मी प्रत्येक पॅचला विचारतो. शैलीबद्दलच्या सूचना सर्वांत शेवटी द्याव्यात. ज्या पॅचची दिशाच चुकली आहे, त्यातील मोकळ्या जागा दुरुस्त करून घेण्यात दोघांचाही वेळ जातो.

एका चिन्हाची चूक खरोखर एवढी महत्त्वाची असते का?

नोव्हेंबर २००३ मधील प्रसंग याचे उत्तर देतो. त्या काळी कर्नेलचे मुख्य भांडार बिटकीपर या प्रणालीत होते आणि ज्यांना ती वापरायची नव्हती त्यांच्यासाठी सीव्हीएसमध्ये त्याची प्रत ठेवली जात असे. त्या प्रतीत कोणीतरी परस्पर दोन ओळी घुसवल्या. वेट४ या सिस्टिम कॉलमध्ये, चुकीचे पर्याय आले तर एरर परत करणारी ती साधी तपासणी वाटत होती. मात्र वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असे विचारण्यासाठी जेथे बरोबरची दोन चिन्हे हवी होती, तेथे एकच होते. सी भाषेत दोन चिन्हे तुलना करतात आणि एक चिन्ह मूल्य देते. म्हणजे तो विशिष्ट पर्यायांचा जोड देणाऱ्या कोणाचाही क्रमांक शून्य होत होता, आणि शून्य क्रमांक म्हणजे रूट, अर्थात यंत्रावरचा पूर्ण ताबा. सीव्हीएसमधील या बदलाला मुख्य भांडारात मूळच नाही, हे लक्षात आल्याने तो पकडला गेला आणि मुख्य कोडमध्ये कधीच गेला नाही. या दोन ओळी मी नव्या परीक्षकांना आधी काही न सांगता वाचायला देतो. बहुतेकांची नजर त्यांवरून सरळ पुढे जाते, आणि एकदा तसे झाले की पुढच्या वेळी तीच नजर थांबते.

परीक्षण होऊनही दोष निसटतात का?

निसटतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष परीक्षण झालेल्या पॅचमधूनच आला. २०११ च्या अखेरच्या दिवशी तो कोड स्वीकारला गेला, मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीतून तो जगभर पोचला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. समोरचा संगणक एक छोटा संदेश आणि त्याची लांबी पाठवतो, आणि तेवढाच मजकूर त्याला परत द्यायचा असतो. पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी कोणी ताडून पाहिली नाही. त्यामुळे एक अक्षर पाठवून सुमारे ६४ किलोबाइट मागता येत होते, आणि उरलेली भरपाई सर्व्हरच्या मेमरीतून, म्हणजे पासवर्ड आणि खासगी किल्ल्या जेथे असतील तेथूनही, होत होती. लेखक आणि परीक्षक दोघेही जाणकार होते. त्या काळात एवढ्या मोठ्या वापराच्या प्रकल्पाला पूर्ण वेळ देणारी माणसे अगदी थोडी होती, ही बाब मला त्या दोघांच्या चुकीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

मार्च २०२४ मधील एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणाची जात वेगळी आहे. तेथे घातक कोड चालू करणारा एक दुवा गिटच्या भांडारात नव्हताच. तो प्रकाशनासाठी तयार केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, होता. परीक्षक भांडार वाचतात आणि लिनक्सची वितरणे टारबॉल घेतात, या फटीचा फायदा तेथे घेतला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्याचा माग काढताना हे सगळे बाहेर आले. म्हणून जे वाचले तेच वापरणाऱ्यापर्यंत पोचते आहे का, हेही पाहायला हवे.

यंत्रेच तपासत असताना माणसाने काय करायचे?

जे यंत्र करू शकते ते यंत्रालाच करू द्यावे. पाठवण्यापूर्वी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवावी, स्पार्ससारखे विश्लेषक चालवावेत, आणि पॅच पाठवल्यानंतर जे स्वयंचलित बॉट अनेक आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) तो बांधून पाहतात, त्यांची उत्तरे वाचावीत. मात्र हे फंक्शन मुळात असावे का, याचे उत्तर कोणतीही स्क्रिप्ट देत नाही. एआयच्या साहाय्याने लिहिलेल्या कोडबद्दलही माझे मत असेच आहे: ज्या ओळीबद्दल परीक्षकाने ‘हे असे का?’ असे विचारले तर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता येणार नाही, ती ओळ पाठवू नये.

साइन्ड-ऑफ-बाय, अ‍ॅक्ड-बाय, रिव्ह्यूड-बाय यांत फरक काय?

हे सगळे वर्णनाच्या शेवटी नावासह जोडायचे टॅग आहेत. साइन्ड-ऑफ-बाय हे कोडच्या उगमाबद्दलचे जाहीर विधान आहे: हा कोड मुक्त परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे, असे त्याने सही करणारा सांगतो. एससीओ कंपनीच्या खटल्यामुळे कर्नेलमधील कोड आला कोठून हा प्रश्न उभा राहिला, आणि २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. अ‍ॅक्ड-बाय म्हणजे संबंधित मेंटेनरची संमती. त्याने प्रत्येक ओळ तपासली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. रिव्ह्यूड-बाय सर्वांत वजनदार आहे. मी तांत्रिक परीक्षण केले, माझ्या शंकांचे निरसन झाले, बदल उपयुक्त आहे आणि मला ज्ञात असा अडथळा आणणारा दोष त्यात नाही, असे ते देणारा म्हणतो. तो हमी देत नाही, पण आपले नाव त्या कमिटला कायमचे जोडतो. म्हणून केवळ चाळलेल्या पॅचला हे देऊ नये. चालवून पाहिला असेल तर टेस्टेड-बाय द्यावे, तेही मोलाचे आहे. आणि दुसऱ्याच्या नावाचा टॅग त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय कधीही घालू नये.

मी नवखा आहे. मी परीक्षण केले तर कोणी ऐकेल का?

ऐकतील, जर तुम्ही प्रत्यक्ष वाचून बोललात तर. ‘छान आहे’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. ‘मी हा पॅच अमुक लॅपटॉपवर चालवला, झोपवून उठवल्यावर ध्वनी परत येतो’ हे मेंटेनरच्या कामाचे असते, कारण तो लॅपटॉप त्याच्याकडे नसतो. न समजलेल्या ओळीबद्दल प्रश्न विचारणे हेही परीक्षणच आहे. कित्येकदा लेखक उत्तर लिहायला बसतो आणि त्यालाच आपली चूक सापडते.

कर्नेलच्या बाहेर, मजकूर हाताळणाऱ्या प्रकल्पांत मराठी वाचकाची नजर तर दुसऱ्या कोणाकडे नसतेच. समजा, एका पॅचने मजकुरातील सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची सोय केली. इंग्रजीच्या चाचण्यांत ती उत्तीर्ण होईल. पण ‘आचाऱ्यास’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एकतर नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह मिळून. दुसऱ्या प्रकारातला जॉइनर काढला की उरते ‘आचार्यास’. स्वयंपाक्याला द्यायचे ते गुरूला गेले, आणि ‘दऱ्या’ असतील तेथे ‘दर्या’ आला. हा दोष दाखवायला सी भाषेतील प्रावीण्य लागत नाही. दोन ओळींची चाचणी लिहून पाठवली तरी ते उत्तम परीक्षण ठरते.

उत्तरच आले नाही तर किती थांबावे?

किमान एक आठवडा; मर्ज विंडो (नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त, कारण प्रकाशनानंतरचे ते दोन आठवडे मेंटेनर अत्यंत व्यग्र असतात. त्यानंतर त्याच धाग्यात नम्रपणे आठवण करून द्यावी. वाट पाहताना त्याच उपप्रणालीतील दुसऱ्या कोणाचा पॅच वाचून उत्तर द्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. मेंटेनरचा तेवढा भार हलका होतो आणि ज्याने मदत केली त्याचे नाव लक्षात राहते.

कठोर शब्दांत उत्तर आले तर?

कर्नेलमधील भाषेबद्दल पूर्वी रास्त तक्रारी होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ काम थांबवले, आणि त्याच महिन्यात प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. आज अपमान सहन करण्याची अपेक्षा कोणी तुमच्याकडून करत नाही. पण त्रोटक उत्तर म्हणजे अपमान नव्हे. दिवसाला शेकडो ईमेल वाचणारा माणूस ‘हे का?’ एवढेच लिहितो. प्रत्येक मुद्द्याला त्याच्याच खाली उत्तर द्यावे. पटले तर तसे सांगावे, पटले नाही तर कारण सांगावे, पण कोणताही मुद्दा मौनाने टाळू नये. आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये अशी शिकवण असल्याने, मेंटेनर चुकला आहे हे दिसत असूनही अनेक जण गप्प बसतात. येथे तसे करू नये. पुराव्यासह मतभेद नोंदवणे हाच येथे आदर मानला जातो.

इंग्रजी कच्चे असेल तर?

लहान, सरळ वाक्ये लिहावीत. परीक्षकांपैकी पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नाही.

दुसरी आवृत्ती कशी पाठवावी?

विषयाच्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक घालावा आणि तीन आडव्या रेघांच्या खाली, जो भाग कमिटमध्ये जात नाही तेथे, मागच्या आवृत्तीपासून काय बदलले आणि कोणाच्या सूचनेवरून, हे लिहावे. मिळालेले टॅग सोबत न्यावेत. मात्र पॅच बराच बदलला असेल तर जुने रिव्ह्यूड-बाय काढून टाकावे आणि तसे केल्याचे सांगावे, कारण त्या माणसाने वाचलेला कोड आता तो राहिलेला नाही. एकाच दिवसात तीन आवृत्त्या पाठवू नयेत. पहिलीवर लिहीत असलेल्याचे कष्ट फुकट जातात.

परीक्षण किती कडक आहे हे पाहण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवावा का?

कदापि नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी असा प्रयोग मेंटेनरांच्या संमतीशिवाय केला होता. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण चिघळले, त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवण्यात आले, शोधनिबंध मागे घेतला गेला, आणि तेथून पूर्वी आलेले चारशेहून अधिक कमिट स्वयंसेवकांना पुन्हा वाचावे लागले. त्यांतील बहुसंख्य योग्यच निघाले, म्हणजे प्रामाणिक विद्यार्थ्यांच्या कामावरही विनाकारण संशय आला.

पॅच स्वीकारला गेला. आता माझे काम संपले का?

पॅच प्रथम मेंटेनरच्या शाखेत आणि तेथून लिनक्स-नेक्स्टमध्ये जातो, जेथे सर्व उपप्रणालींचे आगामी बदल एकमेकांशी जुळतात का ते पाहिले जाते. मर्ज विंडोत तो मुख्य शाखेत येतो आणि पुढे सहा-सात आठवडे दर आठवड्याला चाचणीसाठी नवी आवृत्ती निघते. या काळात तुमच्या कमिटमुळे बिघाड झाल्याची तक्रार आली तर तिला आधी उत्तर द्यावे, मग हातातले इतर काम. दुरुस्ती पाठवताना फिक्सेस या टॅगपुढे मूळ कमिटच्या ओळखक्रमांकाची किमान पहिली बारा अक्षरे आणि त्याचे शीर्षक लिहावे, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ती दुरुस्ती कोठपर्यंत न्यायची आहे हे कळते.